प्रोग्रॅमांचीं कुटुंबें आणि त्यांचे विधिनिषेध

मोटारगाडी विकत घेण्याकरितां जो गृहस्थ हल्लीं दुकानांत जातो, त्याच्यापुढें विक्रेता एक लांबलचक कोष्टक ठेवतो. इंजिन लहान हवें कीं मोठें, गिअर हातानें बदलावयाचा कीं आपोआप बदलणारा, मागें कॅमेरा पाहिजे कीं नको, गाडींत एअर कंडिशनर पाहिजे कीं नको, असे दहापांच प्रश्न त्यांत असतात. गृहस्थ खुणा करतो, किंमतीचा हिशेब मांडतो, आणि घरीं मंडळींचा विचार घेऊन आपली पसंती कळवितो. परंतु कोष्टकांतील खुणेबरोबर पुष्कळदां गाडीच्या पोटांतील सॉफ्टवेअरहि बदलावें लागतें, हें त्याच्या ध्यानांत क्वचितच येतें. इंजिनावर देखरेख करणारा प्रोग्रॅम, ब्रेक सांभाळणारा प्रोग्रॅम, दिवे व दरवाजे यांचा प्रोग्रॅम, हे सर्व त्याच्या निवडीशीं आणि परस्परांशीं जुळले पाहिजेत. मोबाइल फोन, लढाऊ जहाजें, रुग्णालयांतील यंत्रें यांचीहि कथा हीच. एकेका घराण्यांत अनेक यंत्रें, आणि प्रत्येकाच्या पोटांत किंचित् निराळा प्रोग्रॅम! हे सगळे प्रोग्रॅम लिहितो तरी कोण? उत्तर असें कीं, ते एकेक करून लिहावेच लागत नाहींत. सर्वांस समान असलेला भाग एकदां लिहितात, निरनिराळीं वैशिष्ट्यें सुटीं सुटीं तयार ठेवतात, आणि निवडीवरून पुरा प्रोग्रॅम यंत्राकडूनच जुळवून घेतात.

या विद्येस सॉफ्टवेअर प्रॉडक्ट लाइन इंजिनिअरिंग असें नांव आहे; आम्ही येथें तिला प्रोग्रॅमांच्या कुटुंबाची विद्या म्हणूं. तिचें वय सुमारें साठ वर्षांचें आहे. तथापि तेवढ्या काळांत एक जुनाच प्रश्न तिनें नव्या निकडीनें पुढें आणला आहे. पांचपंचवीस गोष्टींच्या सर्व जुळण्या कागदावर मांडणें सोपें आहे. त्यांतील ग्राह्य कोणत्या व त्याज्य कोणत्या हें ठरविणें अवघड आहे. या विद्येचा इतिहास म्हणजे बव्हंशीं, त्याज्य तें कोणतें हें लिहून ठेवावयास माणूस कसा शिकला याचाच इतिहास होय, असें आमचें मत आहे, व तेंच या लेखांत दाखविण्याचा विचार आहे.

प्रथम संख्येची कल्पना यावी. एकाद्या प्रोग्रॅममध्यें घ्यावें किंवा सोडावें अशीं तेहेतीस वैशिष्ट्यें असलीं, आणि त्यांवर कोणतेंहि बंधन नसलें, तर त्यांपासून ८५८ कोटींहून अधिक निरनिराळे प्रोग्रॅम होतात. म्हणजे आज पृथ्वीच्या पाठीवर जेवढीं माणसें आहेत तेवढ्या सर्वांस एकेक स्वतंत्र प्रोग्रॅम देऊनहि कांहीं शिल्लक राहतील. वैशिष्ट्यें २७० झालीं म्हणजे जुळण्यांची संख्या दृश्य विश्वांतील अणूंच्या अंदाजाहून, म्हणजे एकावर ऐंशी शून्यें एवढ्या संख्येहूनहि, मोठी होते. आणि व्यवहारांतील मोठ्या प्रोग्रॅमांत वैशिष्ट्यें शेंकडों असतात, कधीं कधीं हजारोंहि असतात. सर्व जुळण्या करून पाहाव्या व चांगल्या तेवढ्या ठेवाव्या, हा मार्ग अर्थातच खुंटला.

आमच्या वाचकांस ही मांडणी अगदींच अपरिचित वाटूं नये. पिंगलाच्या छंदःशास्त्रांत प्रस्तार म्हणून जी रीत सांगितली आहे, ती हीच होय. लघु आणि गुरु या दोनच गोष्टींपासून ठराविक अक्षरांच्या चरणाचीं सर्व रूपें क्रमानें कशीं मांडावीं हें प्रस्तार सांगतो. शार्दूलविक्रीडिताचा चरण एकोणीस अक्षरांचा. एकोणीस अक्षरांच्या प्रस्तारांत ५,२४,२८८ रूपें येतात, आणि त्यांतील एकास हें नांव मिळालें आहे. पण आमच्या विषयास अधिक जवळची गोष्ट मात्रावृत्तांची आहे. तेथें अक्षरें कितीहि असोत, मात्रांची बेरीज ठरलेली भरलीच पाहिजे, असें बंधन असतें. चार मात्रांचीं रूपें पाहिलीं तर गुरु-गुरु, लघु-लघु-गुरु, लघु-गुरु-लघु, गुरु-लघु-लघु आणि चार लघु, एवढीं पांचच निघतात. एक, दोन, तीन, चार, पांच, सहा मात्रांचीं रूपें अनुक्रमें १, २, ३, ५, ८, १३ होतात. शेवटचें अक्षर लघु असेल तर मागें एक मात्रा कमी उरते, गुरु असेल तर दोन कमी उरतात. म्हणून प्रत्येक संख्या मागच्या दोन संख्यांची बेरीज असते. विरहांकानें व पुढें बाराव्या शतकांत हेमचंद्रानें ही रीत सांगितली आहे. येथें सर्व जुळण्या मांडून वाईट तेवढ्या खोडून टाकलेल्या नाहींत. बंधन आधीं ध्यानांत घेऊन ग्राह्य रूपेंच निर्माण केलीं आहेत. वृत्तास एकच नियम पुरला. प्रोग्रॅमांच्या कुटुंबांत नियम शेंकडों असतात व ते एकमेकांत गुंतलेले असतात, हाच काय तो मोठा फरक. प्राचीनांनीं आधुनिक विद्या जाणली होती असें मात्र आम्हांस येथून मुळींच सुचवावयाचें नाहीं.

आतां मूळ इतिहासाकडे वळूं. १९६४ च्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेंतील आय.बी.एम. कंपनीनें सिस्टिम/३६० या नांवाचें कॉम्प्युटरांचें एक घराणेंच जाहीर केलें. लहान यंत्रावर लिहिलेला प्रोग्रॅम मोठ्या यंत्रावरहि चालावा, ही त्यांतील प्रतिज्ञा होती. यंत्रांचीं कुटुंबें झालीं. प्रोग्रॅम मात्र बहुधा प्रत्येक गिऱ्हाइकासाठीं नव्यानें शिवून दिलेल्या अंगरख्यासारखे राहिले. १९६८ सालीं जर्मनींतील गार्मिश येथें सॉफ्टवेअरच्या अडचणींचा विचार करण्यासाठीं जी परिषद भरली, तींत बेल प्रयोगशाळेचे डग्लस मॅकिलरॉय यांनीं या स्थितीवर बोट ठेवलें. कारखान्यांत स्क्रू आणि बोल्ट निरनिराळ्या मापांचे मिळतात, तसे प्रोग्रॅमचे भागहि अचूकपणा, वेग, जागा आणि मजबुती यांच्या निरनिराळ्या प्रतींत यादी पाहून निवडतां आले पाहिजेत, असें त्यांनीं प्रतिपादन केलें. त्रिकोणमितींतील ज्या काढण्याच्या लहानशा प्रोग्रॅमचें उदाहरण घेऊन एवढ्या एका गोष्टीचेहि किती प्रकार हवेसे वाटतील, हें त्यांनीं दाखविलें.

मॅकिलरॉय यांची दृष्टि सुट्या भागांवर होती. भागांपेक्षां कुटुंबाकडे पाहावें, हें १९७६ सालीं डेव्हिड पार्नास यांनीं सांगितलें. त्यांच्या निबंधाचा आशय असा कीं, कांहीं प्रोग्रॅमांतील साम्य इतकें मोठें असतें कीं, एकेकट्याचा भेद अभ्यासण्यापूर्वीं सर्वांचें साम्यच अभ्यासणें लाभाचें ठरतें. अशा समूहास कुटुंब म्हणावें. सामान्य रीत अशी होती कीं, एक प्रोग्रॅम पुरा करावा, मग त्यांत खाडाखोड करून दुसरा बनवावा, दुसऱ्यावरून तिसरा. तिसऱ्यांत पहिल्याचे निरुपयोगी अवशेष राहून जात. पार्नास यांनीं सुचविलेली रीत निराळी होती: कोणते निर्णय सर्वांस समान व कोणते पुढें बदलणारे, हें आधींच ठरवावें, आणि बदलणारे निर्णय शक्य तितके लांबवावे. वंशवृक्षांत भावाचा जन्म भावापासून होत नाहीं. दोघांचाहि उगम पित्यापासून असतो. प्रोग्रॅमांचेंहि तसेंच असावें, असा या म्हणण्याचा मथितार्थ.

परंतु त्याज्य जुळण्यांचा प्रश्न ऐरणीवर आला तो प्रथम प्रोग्रॅमांच्या प्रांतांत नव्हे, तर यंत्रांच्या जुळणींत. अमेरिकेंतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीचे व्हॅक्स कॉम्प्युटर गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणें निरनिराळे भाग जोडून बनत. अमुक डिस्कला अमुक नियंत्रक लागतो, अमुक कपाटांत एवढेच भाग मावतात, अमुक अंतरास एवढ्या लांबीची तार पाहिजे, हें सारें ज्ञान अनुभवी तंत्रज्ञांच्या डोक्यांत असे. मागणी लिहून घेणाऱ्याकडून एकादा भाग राहून गेला म्हणजे काम अडून बसे. १९७८ च्या अखेरीस पिट्सबर्ग येथील कार्नेगी-मेलन विद्यापीठांतील जॉन मॅकडर्मट यांनीं हें ज्ञान नियमांच्या रूपानें कॉम्प्युटरांत उतरविण्यास आरंभ केला, आणि १९८० सालीं त्यांचा आर-वन नांवाचा प्रोग्रॅम प्रत्यक्ष कामास लागला. आरंभीं त्यांत कांहीं शेंकडा नियम होते; पुढें ते हजारोंच्या घरांत गेले. ज्ञान डोक्यांतून कागदावर उतरलें तेव्हां तें किती मोठें होतें हें प्रथमच दिसलें. त्याबरोबर हेंहि दिसलें कीं, यंत्रें बदलत गेलीं कीं नियमहि बदलावे लागतात, आणि हजारों नियमांच्या जंगलांत एक नियम बदलला असतां दुसऱ्या कोणत्यास धक्का लागेल हें सांगणें कठीण होतें.

१९८५ सालीं स्वीडनमधील एका कंपनीवर निराळाच प्रसंग आला. पुढें सेल्सियसटेक या नांवानें ओळखल्या गेलेल्या या कंपनीस स्वीडिश आणि डॅनिश अशा दोन आरमारांच्या जहाजांचीं कामें जवळजवळ एकाच वेळीं मिळालीं. तोफा, रडार आणि क्षेपणास्त्रें यांचें नियंत्रण करणारा एवढा मोठा प्रोग्रॅम तिनें पूर्वीं एकहि केला नव्हता, आणि आतां दोन करावयाचे होते. दोन्ही स्वतंत्रपणें करणें शक्यच नव्हतें. म्हणून तिनें जहाजांचा एक प्रोग्रॅम न लिहितां जहाजांच्या प्रोग्रॅमांचें कुटुंब रचलें. पुढें त्याच कुटुंबांतून फिनलंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इत्यादि देशांच्या जहाजांचे प्रोग्रॅम निघाले. पूर्वीं एकंदर खर्चांत यंत्रसामग्रीचा वांटा शेंकडा ३५ व सॉफ्टवेअरचा ६५ असे. तें प्रमाण उलटून ८० व २० झालें. येथें कुटुंबाची कल्पना विद्वानांच्या निबंधांतून निघून हिशेबाच्या वहींत आली.

एवढें झालें तरी कुटुंबांतील विधिनिषेध सर्वांस समजतील अशा रीतीनें मांडण्याची लिपी अजून नव्हती. ती १९९० सालीं कार्नेगी-मेलन येथील सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्यें कियो कांग व त्यांचे सहकारी यांनीं दिली. त्यांनीं वैशिष्ट्यांचा वृक्ष काढला. मुळाशीं सबंध वस्तु. फांद्यांवर तिचीं वैशिष्ट्यें. कांहीं आवश्यक, कांहीं ऐच्छिक, आणि कांहीं अनेकांपैकीं एकच घ्यावें अशीं. वृक्षांत न बसणारे नियम खालीं स्वतंत्र लिहावे: हें घेतलें तर तें घेतलेंच पाहिजे, हें घेतलें तर तें घेतां कामा नये. त्यांचें उदाहरण मोटारगाडीचेंच होतें, व त्यांतील एक नियम असा कीं, एअर कंडिशनर हवा असेल तर इंजिनाची शक्ति १०० अश्वशक्तीहून अधिक असली पाहिजे. गिअरचे दोन प्रकार, इंजिनाचे लहान-मोठे असे दोन, आणि एअर कंडिशनर असणें किंवा नसणें, असे धरले तर आठ गाड्या होतात. वरील एका नियमानें दोन बाद होऊन सहा उरतात. या वृक्षाशेजारीं, कोणती निवड कां करावी याचें कारणहि लिहावें, असें कांग यांनीं सांगितलें होतें. लोकांनीं वृक्ष उचलला. कारणें लिहिण्याची सूचना बव्हंशीं मागें पडली. त्याचें महत्त्व लवकरच कळून यावयाचें होतें.

४ जून १९९६ रोजीं दक्षिण अमेरिकेंतील कुरू येथून युरोपियन राष्ट्रांचें एरियान-५ हें नवें अग्निबाण पहिल्यानेंच उडालें, आणि चाळीस सेकंदांच्या आंत वाट सोडून आकाशांतच फुटलें. त्याबरोबर चार उपग्रह गेले. एरियान-५ मधील दिशादर्शक प्रोग्रॅम त्याच्या वडील भावाकडून, म्हणजे एरियान-४ कडून, घेतलेला होता. त्या प्रोग्रॅमचा एक भाग उड्डाणानंतरहि सुमारें चाळीस सेकंद चालत राही. जुन्या अग्निबाणास त्याचा उपयोग होता. नव्यास मुळींच नव्हता. नव्याचा आडवा वेग जुन्याहून पुष्कळ मोठा असल्यामुळें त्या निरुपयोगी भागांतील एक संख्या तिच्यासाठीं राखलेल्या जागेंत मावेना. मुख्य व राखीव अशा दोन्ही दिशादर्शकांत तोच प्रोग्रॅम असल्यामुळें दोन्ही पाठोपाठ बंद पडले. चौकशी समितीस असें आढळलें कीं, धोक्याच्या सात संख्यांपैकीं चारांस संरक्षण दिलेलें होतें व तिघांस विचारपूर्वक दिलेलें नव्हतें; परंतु तो विचार कोणता, हें प्रोग्रॅमच्या मजकुरांत कोठेंहि नमूद नव्हतें. जुन्या अग्निबाणाच्या वेगास ही संख्या मावते, ही गोष्ट खरी होती. वेग अमुक मर्यादेंत असेल तरच हा भाग वापरावा, हा निषेध मात्र कागदांच्या ढिगांत दडून गेला होता. एरियानचे प्रोग्रॅम वर सांगितलेल्या वृक्षावरून घडविलेले नव्हते, हें खरें. तथापि एका भावाचें अंग दुसऱ्यास लावतांना कोणता नियम हरवतो, याचें याहून विदारक उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

नियम लिहिले, तरी ते परस्परांशीं सुसंगत आहेत हें कोणीं पाहावें? दहा नियम डोळ्यांनीं तपासतां येतात, हजार येत नाहींत. या ठिकाणीं तर्कशास्त्र कामास आलें. जॉर्ज बूल यानें १८५४ सालच्या आपल्या ग्रंथांत विचारांचे नियम बीजगणिताच्या रूपानें मांडले होते. वैशिष्ट्यांचा सबंध वृक्ष हें असें एकच मोठें तार्किक विधान मानतां येतें, हें २००२ सालीं माइक मॅनियन यांनीं व २००५ सालीं टेक्सस विद्यापीठांतील डॉन बॅटरी यांनीं स्पष्ट केलें. विधान ज्या ज्या निवडीनें खरें ठरतें, ती ती निवड म्हणजे एक ग्राह्य प्रोग्रॅम. मग यंत्राची रीत अशी: एक निर्णय घ्यावा, त्यापासून जे निर्णय अपरिहार्यपणें निघतात ते सर्व घ्यावे, विरोध उत्पन्न झाला तर मागें फिरून तो निर्णय उलटावा. एक ग्राह्य रूप सांपडलें कीं ‘हें रूप पुन्हां नको’ असा नवा नियम घालून दुसरें शोधावें, आणि कांहींच सांपडेनासें होईपर्यंत असेंच चालवावें. वृक्षांतील दोषहि याच रीतीनें सांपडतात. एअर कंडिशनरला मोठें इंजिन पाहिजे असा एक नियम, आणि एअर कंडिशनर असेल तर इंजिन लहानच असावें असा दुसरा कोणीं चुकून घातला, तर एअर कंडिशनर यादींत दिसेल पण कोणासहि कधींच मिळणार नाहीं. असें मृत वैशिष्ट्य यंत्र तत्काळ दाखवून देतें.

या कामांत एक भीति होती. अशीं विधानें सोडविण्याचा प्रश्न अत्यंत कठीण वर्गांतील आहे, असें स्टीफन कुक यांनीं १९७१ सालींच सिद्ध केलें होतें; सर्व प्रसंगीं झटपट उत्तर देणारी रीत आजपर्यंत कोणास सांपडलेली नाहीं. परंतु १९९० नंतरच्या दशकांत आणि पुढें असे प्रश्न सोडविणाऱ्या प्रोग्रॅमांत झपाट्यानें सुधारणा झाल्या, आणि माणसांनीं लिहिलेले वैशिष्ट्यांचे वृक्ष त्यांस बहुधा सहज सुटतात, असें २००९ सालीं मेंडोंसा, वाँसोव्स्की आणि चार्नेत्स्की या तिघांनीं दाखविलें. निसर्गानें घातलेलीं कोडीं कठीण असतील. माणसानें आपल्या सोयीसाठीं घातलेल्या नियमांची गुंतागुंत तितकी भयंकर नसते.

याचें सर्वांत मोठें चालतें उदाहरण म्हणजे लायनक्सचा गाभा. लायनस टॉरवॉल्ड्स यांनीं १९९१ सालीं आरंभिलेला हा प्रोग्रॅम आज मोबाइल फोनापासून महासंगणकांपर्यंत चालतो, आणि त्यांत निवडीचीं दहा हजारांहून अधिक कलमें आहेत. २००२ पासून तीं कलमें के-कॉन्फिग नांवाच्या छोट्या भाषेंत लिहिलीं जातात. ‘हें त्यावर अवलंबून आहे’ हा तिचा एक शब्दप्रयोग. ‘हें घेतलें कीं तेंहि ओढून आण’ हा दुसरा. यांतील दुसरा धोक्याचा आहे, कारण तो ओढून आणलेल्या वैशिष्ट्याच्या स्वतःच्या अटी पाहत नाहीं. त्या भाषेच्या माहितीपत्रकांतच तसा इशारा दिलेला आहे. पाहुण्यास हात धरून जेवावयास बसवावें आणि त्याचा उपास आहे कीं काय हें विचारूं नये, असाच हा प्रकार. या गाभ्याचें कोणतेंहि रूप यदृच्छेनें निवडून देणारी एक आज्ञाहि त्यांत आहे, आणि तिच्या साह्यानें नवीं नवीं रूपें उत्पन्न करून तीं बांधतां येतात कीं नाहीं हें तपासतात.

येथें परीक्षेचा प्रश्न आला. ग्राह्य रूपें कोट्यवधि असतां परीक्षा कोणाची घ्यावी? या प्रश्नास हिंदुस्थानांतून मिळालेलें साह्य नमूद करण्यासारखें आहे. खतें, बियाणें, पाणी अशा अनेक गोष्टींचे प्रयोग थोडक्या तुकड्यांत कसे बसवावे, या प्रकारच्या प्रश्नांच्या अभ्यासांतून कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधील सी. आर. राव यांनीं १९४७ सालीं लंबकोष्टकांची कल्पना मांडली. या गणिताच्या कुळांतील कोष्टकें पुढें प्रोग्रॅमांच्या परीक्षेंत आलीं; १९८५ सालीं रॉबर्ट मँडल यांनीं तसल्याच चौकोनांनीं एका भाषांतरक प्रोग्रॅमची परीक्षा योजिली. घ्यावें किंवा सोडावें अशा दहा वैशिष्ट्यांच्या जुळण्या १,०२४ होतात. परंतु कोणत्याहि दोन वैशिष्ट्यांची प्रत्येक जोडी एकदां तरी दिसावी एवढेंच हवें असेल, तर अवघीं सहा रूपें पुरतात! पुष्कळसे दोष एका किंवा दोन वैशिष्ट्यांच्या संयोगांतच असल्यामुळें ही काटकसर फळास येते. दुसरी रीत यदृच्छेची. सर्व ग्राह्य रूपांची संख्या आधीं मोजावी, त्यांतील एक क्रमांक चिठ्ठी टाकून काढावा, आणि त्या क्रमांकाचें रूप सबंध यादी न लिहितां थेट काढावें. छंदःशास्त्रांत यासच नष्ट म्हणतात: प्रस्तार न मांडतां अमुकाव्या ओळीचें रूप सांगणें. गेल्या कांहीं वर्षांत प्रोग्रॅमांच्या कुटुंबांवर हीच रीत योजिली गेली आहे.

महाराष्ट्रालाहि या विद्येचा शेजार आहे. पुण्यांत १९८१ सालीं स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर या संस्थेंत, आराखड्यावरून व्यापारी उपयोगाचे प्रोग्रॅम आपोआप उत्पन्न करणाऱ्या साधनांवर दीर्घकाळ काम झालें. दोन पेढ्यांचे व्यवहार नव्वद टक्के सारखे व दहा टक्के भिन्न असले, तर त्या दहा टक्क्यांसाठीं सर्वच पुन्हां लिहावें काय, हा प्रश्न आरमारी जहाजांच्या प्रश्नाचाच सख्खा भाऊ आहे.

एवढ्या सगळ्या साधनांनंतर यंत्रानें उत्पन्न केलेलें ग्राह्य रूप निर्दोष मानावें काय? आमच्या मतें तसें मानणें हीच या विद्येंतील मोठी भूल होईल. अभ्यासकांत एक उदाहरण प्रसिद्ध आहे. एका इमारतींत आग विझविणारी यंत्रणा बसविली. आग दिसतांच ती छतांतून पाणी सोडते. त्याच इमारतींत पाण्याची गळती थांबविणारी दुसरी यंत्रणा बसविली. जमिनीवर पाणी दिसतांच ती नळ बंद करते. दोन्ही स्वतंत्रपणें उत्तम, दोन्ही एकत्र घेण्यास नियमांत आडकाठी नाहीं, म्हणून जुळणी ग्राह्य. आग लागली, पाणी सुटलें, जमिनीवर पाणी दिसलें, नळ बंद झाला, आणि इमारत जळाली! यंत्रानें प्रत्येक नियम पाळला होता. चूक नियमांत नव्हती, न लिहिलेल्या नियमांत होती. कुटुंबांतील सर्व रूपांत व्याकरणाचे दोष एकदमच शोधून काढणारीं साधनें २००७ नंतरच्या वर्षांत तयार झालीं, व तीं फार उपयोगाचीं आहेत; परंतु वरच्यासारखा निषेध सुचण्यासाठीं आग व पाणी यांचा अनुभव असलेला माणूसच लागतो.

सारांश, ग्राह्य हा शब्द सापेक्ष आहे. ज्या नियमांच्या आधारें यंत्र हो किंवा नाहीं म्हणतें, ते कोणी तरी, कोणत्या तरी वेळीं, कांहीं तरी पाहून लिहिलेले असतात. तो माणूस निवृत्त होतो, तें यंत्र जुनें होतें, आणि नियम तेवढा मागें राहतो. मग त्यास हात लावावयास कोणी धजत नाहीं, किंवा तो निरर्थक समजून कोणी काढून टाकतो. दोहोंतहि अपाय आहे. यावर उपाय कांग यांनीं १९९० सालींच सांगून ठेवला होता, आणि तो न केल्याचें मूल्य एरियानच्या चौकशींत दिसून आलें: प्रत्येक निषेधाशेजारीं त्याचें कारण एका ओळींत लिहावें. कोट्यवधि रूपांतून योग्य तें निवडण्याचें काम यंत्रें आमच्याहून चांगलें करतात, व तें त्यांनींच करावें. ती एक ओळ मात्र ज्याला कारण ठाऊक आहे त्यानें, ठाऊक आहे तोंवरच, लिहिली पाहिजे.